जुवावरचं लाल फडकं

मला भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते. विमान चालवणाऱ्या बाईने असं बोलू नये म्हणतात. मंगरूळपीरच्या बाजारात तर बाया आपल्या पोरींना माझ्याकडे बोट करून दाखवतात, ही पाहा, कशालेच भेत नाही. मी हसते आणि वांगी निवडायला लागते. त्यांना काय सांगू की गेल्या हिवाळ्यात माझी पाचावर धारण बसली होती, आणि तीही विमानात नाही, आमच्या टमाट्याच्या वावरात.

मी पंख्याच्या लहान विमानावर सहवैमानिक आहे. माय-बाबा गावीच असतात. बाबा भाजीपाला करतात. वांगी, टमाटे, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. वावरापासून डांबरी रस्त्यापर्यंत एक पांदण आहे. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला उंच धुरा, म्हणजे बांध, आणि मधे जेमतेम एक बंडी जाईल एवढी वाट. मालाचा ऑटो त्या पांदणीत शिरत नाही. त्यामुळे कॅरेट अजूनही बैलबंडीनेच रस्त्यावर न्यायचे आणि तिथून ऑटोत टाकून हर्राशीला, म्हणजे लिलावाला, पाठवायचे.

सुट्टीवर आले होते. सकाळी थंडी चांगलीच होती, मी स्वेटर घालून धुऱ्यावर उभी. बाबा भरलेलं कॅरेट खांद्यावर घेऊन बंडीकडे निघाले आणि अर्ध्यात थांबले. कॅरेट खाली ठेवलं. त्यावर हात टेकवून वर आभाळाकडे बघत राहिले. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "तुयं विमान दिसते का पाहून राह्यलो."

आमच्या गावावरून त्या वेळी कोणतंच विमान जात नाही, हे माझ्याइतकंच त्यांनाही ठाऊक होतं. मी जवळ गेले. एवढ्या थंडीत कपाळावर घाम, आणि ओठ राखाडी पडलेले. डाव्या हाताने ते उगाच सदऱ्याची गुंडी चाचपत होते. मी त्यांना खाली बसवायला गेले तर हात झटकून त्यांनी ते कॅरेट पुन्हा उचललं आणि थेट बंडीत नेऊन ठेवलं. वर माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच काही चूक केली.

घरी मायला बाजूला घेतलं. ती म्हणाली की बाबा हल्ली आडवे झोपत नाहीत, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपतात, आणि विचारलं की गॅस झाला म्हणतात. कधीपासून, तर दिवाळीच्या आधीपासून. आणि मला सांगितलं का नाही? तर बाबांनी सांगू नको म्हटलं होतं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू. मी बाबांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता वाशीमला डॉक्टरकडे चला. ते म्हणाले टमाटा उतरू दे, मग पाहू. मी ओरडले, रडले, जेवले नाही. बाबा माझ्या ताटातली भाकर उचलून गाईला घालून आले. आमच्याकडे दुखणं असंच असतं. ते कोणाला सांगितलं म्हणजे माणूस लहान होतो.

दुसऱ्या दिवशी मला निघावंच लागलं. वैमानिकांची ठरावीक महिन्यांनी परीक्षा असते, ती चुकवता येत नाही. बस कारंज्याकडे निघाली आणि खिडकीतून बघता बघता मला एक जुनी गोष्ट आठवली. नको तेव्हा आठवली.

आमच्या पांदणीत एक रीत आहे. समोरासमोर दोन बंड्या आल्या की भरलेली वाटेवर राहते आणि रिकामी धुऱ्यावर चढते. भांडण नाही, विचारणं नाही. पण एखाद्याचा बैल लंगडत असेल, आजारी असेल, तर त्याने जुवाला लाल फडकं बांधायचं. ते लांबून दिसतं. मग समोरची बंडी भरलेली असली तरी तीच अलीकडच्या रुंद जागेत थांबते आणि फडकंवाल्याला जाऊ देते. ज्याला चढता येत नाही त्याला कोणी चढ म्हणत नाही.

मी शाळेत होते तेव्हा आमच्या डाव्या बैलाचा खूर दुखावला होता. मायने जुनं लुगडं फाडून फडकं आणून दिलं. बाबांनी ते घडी करून गादीखाली सरकवलं. आपल्या जोडीला कोणी कमजोर म्हणावं, हे त्यांना खपत नसे. आम्ही माल उतरवून रिकाम्या बंडीने परत येत होतो, मी मागे पाय सोडून बसलेले. समोरून शेजारच्या वावरातले काका सोयाबीनची पोती भरून आले. त्यांना फडकं दिसलं नाही. म्हणून ते रुंद जागा सोडून पुढे आले, बरोबर जिथे नाला सगळ्यात जवळ आहे तिथे. रीतीप्रमाणे बाबांनी बंडी धुऱ्यावर घातली. बैल अर्धा चढला आणि गुडघ्यावर बसला. बंडी मागे सरायला लागली, नाल्याकडे, माझ्यासकट. मला अजून ते चाक दिसतं. काकांनी उडी टाकून चाकाखाली धोंडा सरकवला आणि आपला खांदा लावला, म्हणून आज हे लिहायला मी आहे. काका बाबांना एवढंच म्हणाले की फडकं बांधायले काय झालतं. त्यानंतर पुष्कळ दिवस बाबा मला बंडीत बसू देत नव्हते, पायी चालवायचे.

बसमध्ये मला वाटलं, आता बाबांचाच खूर दुखावलाय आणि फडकं पुन्हा गादीखाली आहे.

परीक्षा सिम्युलेटरमध्ये असते. सिम्युलेटर म्हणजे पायांवर उभी असलेली एक बंद खोली. आत हुबेहूब विमानाची केबिन. बाहेरचं आकाश पडद्यावरचं, पण खोली अशी हलते की पाच मिनिटांत तुम्ही विसरता. डाव्या सीटवर एक कॅप्टन होते, आणि मागे परीक्षक बसलेले, हातात सगळी संकटं घेऊन. उड्डाण मी करायचं होतं.

उडालो, चाकं वर घेतली, आणि परीक्षकांनी डावं इंजिन बंद पाडलं. नाक डावीकडे ओढलं गेलं. मी उजवा पाय पॅडलवर दाबून धरला, विमान सरळ ठेवलं, वेग सांभाळला. पाय थरथरत होता. कॅप्टन यादी वाचायला लागले, काय काय बंद करायचं, काय काय बदलायचं. त्यात एक काम असतं टक्कर टाळणाऱ्या यंत्राचं. त्याची कळ फिरवून ते 'फक्त इशारा' वर न्यायचं. कॅप्टननी विचारलं, करू का? मी म्हटलं, थांबा, आधी विमान सांभाळू, ते नंतर. विमान तर सांभाळलंच होतं. का थांबा म्हटलं ते मला त्या क्षणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मग समोरच्या पडद्यावर एक ठिपका आला, आमच्याच उंचीवर, आमच्याच दिशेने. ठिपका पिवळा झाला. यंत्र बोललं, ट्रॅफिक, ट्रॅफिक. मग तो लाल झाला आणि यंत्र ओरडलं: क्लाइंब, क्लाइंब. चढा.

हा आवाज आला की विचार करायचा नसतो, हुकूम पाळायचा असतो. शिकवणच तशी आहे, आणि बरोबर आहे. मी नाक वर ओढलं. यंत्राला हवा होता दोन इंजिनांचा चढ, आणि माझ्याकडे होतं एक. चढाचा वेग दाखवणाऱ्या पट्टीवर हिरवी खूण वर होती आणि आमचा काटा खाली, कितीही ओढलं तरी जाईना. वेग उतरायला लागला. मी आणखी ओढलं. यंत्र पुन्हा ओरडलं, चढा. हातातला दांडा खडखडायला लागला. विमान आता हवेत तगणार नाही, पडेल, याची ती सूचना. त्यापुढे बाकी सगळे हुकूम गौण, नाक खाली घ्यायचं असतं. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. पण हात ऐकेना. मला पडद्यावर आकाश दिसत नव्हतं, मला बैल दिसत होता गुडघ्यावर बसलेला, आणि त्याच्या जागी बाबा, खांद्यावर कॅरेट घेऊन. मी ओढतच राहिले. ते खोटं विमान आहे हे मी साफ विसरले होते.

परीक्षकांनी सगळं गोठवलं. खोली थांबली. माझे हात दांड्यावरून सुटेनात, कॅप्टननी बोटं सोडवली म्हणा ना.

परीक्षक रागावतील असं वाटलं होतं. ते शांतपणे हिंदीत समजावत बसले, आणि मला ते जास्त लागलं. म्हणाले, हे यंत्र आंधळं नाही. सल्ला देताना ते विमानाची कुवत बघतं. जमिनीजवळ असलो तर खाली जा म्हणत नाही, कारण खाली जागाच नाही. खूप उंच, पातळ हवेत जी विमानं जोरात चढू शकत नाहीत, त्यांना चढा म्हणत नाही, दुसरा मार्ग काढतं. समोरच्या विमानातल्या यंत्राशी बोलून ठरवतं की कोणी वर जायचं आणि कोणी खाली. पण ही कुवत त्याला ठाऊक असते ती यंत्र बसवताना सांगितलेली, धडधाकट विमानाची. आज, आत्ता, तुझं एक इंजिन गेलं, हे त्याला कुठून कळणार? ते तुला दोन इंजिनांचीच समजणार आणि तुझ्या वाट्याचा चढ तुझ्याकडूनच मागणार. म्हणून ती कळ फिरवायची. मग ते तुला चढ-उतर सांगत नाही, फक्त सावध करतं. आणि समोरच्या यंत्राला कळतं की हिच्याकडून काही होण्यातलं नाही, सगळं सरकणं आपल्यालाच करायचंय.

मी विचारलं, आणि समोरचा सरकतो? ते म्हणाले, सरकतो ना. पण तू सांगितलंस तरच.

मला तिथेच रडू फुटलं. परीक्षकांना वाटलं, नापास व्हायच्या भीतीने रडतेय. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, पुन्हा करू.

पुन्हा केलं. डावं इंजिन गेलं, पाय पुन्हा थरथरला, आणि कॅप्टननी विचारायच्या आत मी म्हटलं, कळ फिरवा. तोच ठिपका आला. पिवळा झाला. यंत्र म्हणालं, ट्रॅफिक, ट्रॅफिक, आणि गप्प बसलं. ती शांतता भयंकर होती. काहीतरी करावं म्हणून हात शिवशिवत होते. ठिपका सरळ आमच्यावर येत होता आणि मी तशीच, जेवढं झेपतं तेवढंच, हळूहळू चढत राहिले. मग ठिपक्याशेजारी एक छोटा बाण उगवला, वरच्या दिशेचा. समोरचा चढत होता. तो आमच्या डोक्यावरून निघून गेला.

पास झाले. बाहेर येऊन चहासुद्धा घेतला नाही, पहिला फोन लावला तो शेजारच्या काकांना. त्याच काकांना, ज्यांनी चाकाला खांदा लावला होता. मी सांगून टाकलं की बाबांच्या छातीत काहीतरी बिघडलंय, दम पुरत नाही, ते तोंडाने कबूल करणार नाहीत, पण त्यांना वजन उचलू देऊ नका, आणि वाटेत भेटले तर तुम्हीच सरका. काका म्हणाले, बरं झालं सांगतलं, आमी पाहतो.

काकांनी पाहिलं ते असं पाहिलं की पाण्याच्या पाळीपासून कॅरेटपर्यंत बाबांच्या हाताला कोणी काही लागू देईना. बाबांना दोन दिवसांत कळलं हे कोणाचं काम ते. त्यांनी मायजवळून फोन घेतला आणि एकच वाक्य बोलले: "गावात दवंडी पिटली तुनं मायी." फोन ठेवला. त्यानंतर मी फोन केला की माय उचलायची आणि मागून त्यांचा आवाज यायचा, मी घरी नाई म्हणून सांग. मी म्हणायची, त्यांना विचार डॉक्टरकडे कधी जाता. ते काकांच्या नजरेआड पुन्हा कॅरेट उचलायला लागले होते, हे मायकडून कळत होतं.

ते दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. जीव टांगणीला. विमान उतरलं की प्रवासी उतरायच्या आधी माझा हात फोनकडे. घरून काही आलेलं नसलं की पुढच्या उड्डाणापर्यंत श्वास घ्यायचा. मी सांगून टाकलं हे चुकलं की काय, रागाने तर नाही ना ते मुद्दाम जास्त उचलत, असंही वाटायचं. कॅप्टन विनोद करायचे, मी हसायची, आणि मनात एकच चालू असायचं, आज उचललं असेल, आत्ता उचललं असेल.

मग एका दुपारी उतरले तर मायचे फोन येऊन गेलेले होते, एकावर एक. दुपारी माय कधी फोन करत नाही. मी लावला तर उचलेना. पुन्हा लावला. शेवटी उचलला आणि ती म्हणाली, "बाबानं बोलावलं तुले. ये."

काय झालं, ते कसे आहेत, बोलता येतंय का, मी हजार गोष्टी विचारल्या. ती म्हणाली की ये, आल्यावर बोल. बाबांनी आजवर कोणाला बोलावलेलं मला आठवत नाही. माझ्या नोकरीच्या वेळीसुद्धा नाही, आजी गेली तेव्हासुद्धा नाही. सुट्टी मागितली, मिळाली, नागपूरला उतरले, बस धरली. कारंजा येईपर्यंत मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही, आणि आठवलं तर फेडावं लागेल. मंगरूळपीरहून ऑटो केला, आणि डांबरी रस्त्यावर उतरून पांदणीने चालायला लागले. चालायला म्हणजे पळायला.

वळणावर बंडी दिसली. समोरून येत होती, कॅरेटांनी भरलेली. आणि जुवाला लाल फडकं बांधलेलं.

ते फडकं मी ओळखलं. मायच्या त्याच लुगड्याचं होतं, इतक्या वर्षांनी गुलाबट झालेलं. मी जागच्या जागी थिजले. बैल पडला असणार, बंडी उलटली असणार, कोणी दबलं असणार, असं काय काय डोळ्यांपुढे येऊन गेलं. मग बघितलं तर बंडी काका हाकत होते. आणि मागे, कॅरेटांना पाठ टेकवून, पाय सोडून बाबा बसले होते, जिथे मी बसायची तिथे. मांडीवर पिशवी, पिशवीत धोतर आणि पाण्याची बाटली. बंडीत स्वतःच्या मालावर माल होऊन बसलेले बाबा मी जन्मात बघितले नव्हते.

माझ्या तोंडून आधी बैलांचंच निघालं. कोणता लंगडतोय, मी विचारलं. मी डावा बघितला, उजवा बघितला. दोघंही तुकतुकीत, पाय ताठ, डोळे चकचकीत. काका मान फिरवून नाल्याकडे बघत होते.

बाबा म्हणाले, "बैलायले काही नाई झालं. ते मायं हाय." आणि मग, माझ्याकडे न बघता, "नाई जमून राह्यलं मले, पोरी. चाल, डाक्टरकडं नेऊन दे."

मला खूप बोलायचं होतं. रागवायचं होतं, विचारायचं होतं की आधी का नाही, इतके दिवस मला कायले मारलं. पण त्यांचे ओठ तसेच राखाडी होते, श्वास ऐकू येत होता, आणि वाशीम अजून लांब होतं. भीती जिथल्या तिथे होती. बंडी माझ्यापर्यंत आली. वाट अरुंद होती.

मी बॅग डोक्यावर घेतली आणि धुऱ्यावर चढले.